सात नंबरचा लाल

नाही हो मिहिर सर, ते तेवढं नका सांगू मला. बाकी काय म्हणाल ते करते — जमिनीवरचे पिवळे पट्टे पुसून घेते, कुंड्यांतली वाळकी पानं काढते, पाहुण्यांच्या हातात गुलाबाची फुलं देते — पण ह्या बोर्डावरचा, सात नंबर प्रेसच्या नावापुढचा तो लाल चुंबक मी काढणार नाही. अकराला येतायत ना कस्टमरची माणसं? येऊ देत. दिसेल त्यांना लाल, दिसू दे. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर आहे ना, तो कधी चालतो कधी नाही, म्हणून लावलाय. सकाळच्या मीटिंगला तुमच्यासमोरच लावला की! तेव्हा मान हलवलीत तुम्ही. आता काय झालं मग? — हां, प्लांट हेडचा फोन आला. तेच म्हणते मी.

तुम्हाला येऊन दोन महिने झाले, मला एकोणीस वर्षं. हा बोर्ड माझ्या हातचा आहे. कुठलं काम चाललंय, कुठलं अडकलंय, कुठल्या मशीनला हात लावायचा नाही — हिरवा, पिवळा, लाल, बालवाडीतल्या पोराला कळेल असं. आणि पाहुणे यायचे म्हणजे लाल तेवढे काढून एप्रनच्या खिशात टाकायचे, तिथं हिरवे लावायचे, मशीनवरची बंदची पाटी उतरवायची, पाहुणे गेले की सगळं परत जागेवर — ही पद्धत कुणी पाडली, माहितीय? मीच. तेव्हाचे साहेब एवढंच म्हणाले होते, "विजयश्री मॅडम, बोर्ड जरा बरा दिसू द्या." बरा म्हणजे काय, ते मी न सांगता ओळखलं. हुशार ना मी! वरून कीर्तन, आतून तमाशा, आणि टाळ माझ्याच हातात. कधी काही झालं नाही. कधीच नाही. दहा-बारा वर्षं अशी गेली.

गेटवर नवनाथ बसतो, बघितलाय ना? वहीत गाड्यांचे नंबर लिहितो तो. पहिल्या दिवशी त्याचं अक्षर बघून तुम्ही हसला होतात — बघितलं मी, मला सगळं दिसतं. डाव्या हातानं लिहितो तो. उजव्या हाताची तीन बोटं नाहीत त्याची. कुठं गेली? ह्याच सात नंबरवर गेली. नाही, तुम्हाला कोण सांगणार? ट्रेनिंगमध्ये तो धडा नसतो. भूमकडचा माणूस, बायको-मुलांना घेऊन इकडं आला, आणि इतका सरळ की बाकीचे त्याला चिडवायचे. बाकीचे बोर्डाकडं ढुंकूनही बघत नाहीत, सर. त्यांना आवाजावरून कळतं मशीनचं काय बिघडलंय ते. नवनाथ एकटा रोज शिफ्टच्या आधी इथं येऊन उभा राहायचा, बोट फिरवत फिरवत वाचायचा, मग कामाला. का? कारण मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं — आधी बोर्ड, मग मशीन. ऐकणारा माणूस होता. ऐकलं माझं.

त्या दिवशी काय झालं — असेच पाहुणे आलेले. सगळ्या कारखान्यांत आमचा बोर्ड पहिला आला, मला ट्रॉफी. बोर्डापुढं उभं करून फोटो, साहेब शेजारी, मागं सगळं हिरवंगार. पाहुणे जायला पावणेतीन वाजले, तीनला शिफ्ट सुटली, जो तो हात मिळवायला येतोय, पेढे वाटतायत — आणि सव्वातीनची बस. धरली बस. सात नंबरचा लाल राहिला खिशात. विसरले. माणूस विसरतो, सर. साहेबांना आणि नवनाथला मी तेच सांगितलं, विसरले म्हणून; चौकशीच्या कागदावर मात्र ते आलं नाही. एप्रन धुवायला काढलं तेव्हा खिशात खुट्ट वाजलं, हात घातला तर —

कधी म्हणजे? संध्याकाळी.

संध्याकाळी म्हणजे संध्याकाळीच हो, आता घड्याळ कोण बघतं. अपघात सातला झाला. एप्रन मी... तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. साडेपाच. बस्स? साडेपाचला सापडला. पिंपळे गुरवला आमच्या घरी जाऊबाई आलेल्या, ट्रॉफी टीव्हीशेजारी ठेवलेली, मी सगळ्यांना फोटो दाखवत होते, आणि हातात हा एवढासा लाल तुकडा. फोन समोर होता. सुपरवायझरला एक फोन — सात नंबर थांबवा, लाल माझ्याकडं राहिलाय. किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. पण म्हणजे ज्या बोर्डाची ट्रॉफी घेतली त्याच बोर्डाचं, त्याच दिवशी, माझ्याच तोंडानं... मला लाज वाटली. एवढंच, दुसरं काही नाही. म्हटलं उद्या सकाळी लवकर जाऊन लावू, एका शिफ्टनं काय होतंय. आणि चुंबक लावून टाकला फ्रीजवर. पाहुण्यांसाठी चहा टाकला.

हे आजवर कुणाला बोलले नव्हते मी. नवऱ्यालाही नाही.

आणि चौकशीत काय झालं, ऐका तर खरं. नवनाथ सांगत होता, मी बोर्ड बघूनच गेलो, हिरवा होता. हिरवा होता म्हणजे मशीन चांगलं होतं, आणि मशीन चांगलं होतं म्हणजे चूक ह्याची, हात ह्यानंच घातला — असं लावलं त्यांनी. पुरावा कसला? माझा फोटो! ट्रॉफीचा. तारीख-वेळ सगळं त्यावर. खाली माझी सही, की बोर्डावर जसं होतं तसंच मशीन होतं. मग उपकार म्हणून गेटवर बसवला त्याला. रोज सकाळी मला नमस्कार करतो, सर, त्या हातानं. "मॅडम, तुमची काय चूक, माणूस विसरतो," असं वर मलाच समजावतो. चौदा महिने मी तो नमस्कार घेतेय. निर्लज्ज आहे की नाही मी? सांगा ना. म्हणून म्हणते, तो लाल —

कुठंय?

काढलात? मी इकडं जीव काढून बोलतेय आणि तुम्ही मान हलवत हलवत काढलात? खिशात टाकलात? मला वाटलं ऐकताय. अरे, आईच्या वयाची बाई काय सांगतेय... जाऊ दे. नाही, रागवत नाही. कुठल्या तोंडानं रागवू? मीही असाच काढायचे, कुणाला कळणारही नाही इतक्या सफाईनं.

राहू दे तुमच्याकडं. परत मागत नाही. पण मी आज सव्वातीनच्या बसला नाही, हे सांगून ठेवते. तीनला आम्रपाली येईल, दुसऱ्या शिफ्टला सात नंबरवर तिचं नाव लागलंय. पाच महिने झालेत तिला, तीही बोर्ड बघून जाते, तिलाही मीच शिकवलंय. मी मशीनपुढं उभी राहणार आणि तिला हात लावू देणार नाही. साहेबांना बोलवा, सिक्युरिटीला बोलवा, काय करायचं ते करा. आणि तिथून गेटवर जाणार. नवनाथला साडेपाचचं सांगणार. तोंडावर थुंकला तर थुंकू दे. चौकशीच्या फाइलमधे चूक त्याच्या नावावर लागलीय, ती पुसायला जी सही लागेल ती करणार.

नोकरी? जाईल. काय करू मग?

गाडी आली बघा. जा, पुढं व्हा, फुलं टेबलावर ठेवलीयत. नाही, मी नाही फोटोत. जा म्हटलं ना.