विभाग नसलेला माणूस

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मोठे साहेब. व्यासपीठावर बसलेले मनुष्यबळ विभागाचे प्रमुख आणि हिशेब विभागाच्या बाई. समोर बसलेले माझे सहकारी. आणि मागच्या दाराशी उभं राहून चहाच्या ट्रेकडे डोळे लावलेली मित्रमंडळी, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझा उल्लेख सत्कारमूर्ती असा केला. हा त्यांचा मोठेपणा. मात्र सत्कारमूर्तीच्या गळ्यात सध्या ‘पाहुणा’ असं लिहिलेलं लाल कार्ड लटकतंय, हे पुढच्या रांगेतल्यांनी पाहिलंच असेल. साहेबांनी आपल्या भाषणात माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलून शेवटी मला प्रेमानं विचारलं, “मग नव्या ठिकाणी कधी रुजू होताय?” तुम्ही सर्वांनी टाळ्याही वाजवल्यात. त्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे. जरा वेळ द्या, मुख्य मुद्द्यावर यायला मला नेहमीच उशीर होतो.

आधी एक गंमत. आजच्या या समारंभाचं निमंत्रण मला आलं नाही. हसा, हसा. परवा सगळ्यांच्या मेलवर ते आलं, शेजारच्या टेबलावर त्याची चर्चा झाली, वर्गणीही जमली. मला वाटलं, ज्याचा निरोप त्याला कशाला बोलावतील, तो येणारच. संध्याकाळी आमची धाकटी माझ्याकडे आली. धाकटी म्हणजे आमच्या डेटाबेस विभागात सर्वांत शेवटी लागलेली मुलगी. विभाग बंद व्हायच्या आधी तिला अहवाल विभागात जागा मिळाली, हे त्यातल्या त्यात बरं झालं. तिचा चेहरा एवढासा झाला होता. म्हणाली, “सर, निमंत्रणाची यादी मीच काढली. तुमचं नाव गळलं. कसं गळलं ते कळलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

ते कसं गळलं हे हिशेब विभागातल्या मंडळींसाठी सोप्या भाषेत सांगतो. आपल्या कंपनीच्या संगणकात माणसांचं एक टेबल, म्हणजे तक्ता, आहे आणि विभागांचं दुसरं. यादी काढायची तर ही दोन टेबलं जोडणारी क्वेरी, म्हणजे संगणकाला विचारायचा प्रश्न, लिहावी लागते. साधी जोडणी केली, तर ज्या माणसाला विभाग आहे तोच यादीत येतो. आमचा विभाग गेल्या महिन्यात बंद झाला, काम बाहेर दिलं गेलं, टेबलातली त्याची ओळही पुसली गेली. बाकीचे सगळे केव्हाच गेले होते. कामाची सोपवणूक करण्यापुरता मी एकटा मागे ठेवलेला. म्हणजे माणूस आहे, पगार आहे, विभागाच्या जागी काही नाही. साध्या जोडणीत असा माणूस गळतो. त्याला ठेवायचं असेल तर लेफ्ट जॉइन लिहावा लागतो. मग सगळी माणसं येतात आणि ज्याला विभाग नाही त्याच्यापुढे जागा रिकामी राहते.

आता यातली खरी मजा ऐका. या कंपनीत डेटाबेसच्या कामासाठी जे कुणी आलं, त्या प्रत्येकाची मुलाखत मी घेतली. पहिला प्रश्न माझा ठरलेला असायचा. “ज्याला विभागच नाही असा माणूस यादीत कसा दिसेल?” भल्याभल्यांची बोबडी वळायची. दुसऱ्या क्रमांकाचा पगार कुणाचा, असल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून आलेली पोरं या प्रश्नाला घाम पुसायची. धाकटीनं मात्र उत्तर पटकन दिलं होतं, म्हणून तर तिला घेतलं. परवा घाईत ती साधी जोडणी लिहून गेली. मी तिला म्हटलं, “अगं, रडतेस काय? तुझ्या क्वेरीनं खोटं काही सांगितलं नाही.” ती आणखीच रडायला लागली. माझं सांत्वनाचं कसब तुम्हाला माहीत आहेच.

आज सकाळी दारावरही तोच प्रकार. काल माझा शेवटचा दिवस झाला, ओळखपत्र जमा झालं. बायको आणि मुलगी सोबत होत्या. दारावरचे दादा स्क्रीन बघून म्हणाले, “साहेब, नाव येत नाही.” मी म्हटलं, “अहो, रोज नमस्कार करता की मला.” ते म्हणाले, “मला दिसताय हो तुम्ही. यात दिसत नाही.” मग आम्हा तिघांची मिळून पाहुण्यांची एक चिठ्ठी फाडली. कुणाला भेटायचंय, असं त्यांनी विचारलं. माझ्या विभागातलं आता कोण आहे? मी धाकटीचं नाव सांगितलं.

असो. गेले काही महिने मी नोकरी शोधतोय हे तुम्हाला माहीत आहे. घरी आमची तयारी जेवणाच्या टेबलावर चालायची. समोर मुलगी, हातात छापील प्रश्न, आणि चेहरा असा कठोर की मीसुद्धा कधी कुणाला इतकं छळलं नसेल. ती विचारायची, “एकाच नावाच्या दोन ओळी शिरल्या, त्या कशा शोधाल?” मी म्हणायचो, “तुला काय वाटतं?” ती डोक्याला हात लावायची. “बाबा, तुम्ही उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारता. सरळ उत्तर द्या.” बायको भाजी चिरताना म्हणायची, “लग्नाला होकारसुद्धा त्यांनी असाच दिला होता.” आम्ही हसायचो. घरात तेव्हा हसू होतं, हे मुद्दाम सांगतो.

मागच्या आठवड्यात मुलाखतीला गेलो. खोली आपल्यासारखीच, काचेची. मध्ये टेबल, एका बाजूला एक खुर्ची, दुसऱ्या बाजूला दोन. मी आत गेलो आणि सवयीनं पलीकडे जाऊन बसलो. दाराकडे तोंड करून. मुलाखत घेणारा तरुण आत आला, मला पाहून थबकला. मी त्याला म्हटलं, “या, बसा ना.” तो बिचारा बसलाही. मग दोघांच्याही लक्षात आलं. मी उठलो, माफी मागितली, आम्ही जागा बदलल्या. तो सभ्य होता, हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

आणि त्यानं पहिलाच प्रश्न काय विचारावा? “ज्या कर्मचाऱ्याला विभाग नाही, तो यादीत कसा आणाल?”

मित्रहो, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारला. त्याचं उत्तर ऐकून बरोबर की चूक हे मला अर्ध्या वाक्यात कळतं. पण ते स्वतःच्या तोंडानं, नोकरी मागणाऱ्याच्या खुर्चीत बसून, कधी द्यावंच लागलं नव्हतं. मी म्हणालो, “तुम्हाला काय वाटतं?” तो म्हणाला, “सर, उत्तर तुम्ही द्यायचंय.” माझ्या डोळ्यांसमोर आपल्या मजल्यावरची रिकामी टेबलं आली. तिथं कोण कोण बसायचं ते मला ओळीनं आठवत गेलं. दोन साधे शब्द होते, लेफ्ट जॉइन. ते काही केल्या आले नाहीत. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाला, “घाई नाही, सर.” असं मीही म्हणायचो. ज्यांना घ्यायचं नाही असं मनात ठरून जायचं, त्यांना.

घरी आल्यावर दोघींनी विचारलं, कसं झालं? मी सांगितलं, छान झालं. बायकोनं ते साहेबांच्या कानावर घातलं, मायेनंच घातलं, आणि साहेबांनी आनंदानं आजच्या भाषणात घेतलं. यात कुणाचा दोष नाही.

तर साहेब, आपला प्रश्न. नव्या ठिकाणी कधी रुजू होताय? मला शिकवलंय की उलट प्रश्न करायचा नाही, सरळ उत्तर द्यायचं. रुजू होत नाही. कुठेच नाही. सकाळी दादा चिठ्ठी फाडत होते तेव्हाच फोनवर निरोप आला, आणि मी फोन खिशात टाकला. बाळा, तिसऱ्या रांगेत तू आईचा हात धरला आहेस, मला दिसतंय. नाही झालं गं. तू चांगलं शिकवलंस. मला येत होतं, पण सांगता आलं नाही. याआधीच्या ठिकाणांहून तर साधं उत्तरही आलेलं नाही. या वयात पुढे कोण बोलावेल ते मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मला फार भीती वाटते. या समारंभाला शोभेल असं यापेक्षा बरं वाक्य मी काल तयार केलं होतं. ते आता म्हणवत नाही.

साहेबांनी टाळ्यांच्या आधी हे ऐकलं असतं तर त्यांना अवघड झालं नसतं, म्हणून त्यांची क्षमा मागतो. हे सुंदर घड्याळ आणि फुलं दिल्याबद्दल, इतकी वर्षं माझे प्रश्न सहन केल्याबद्दल सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. नाव राहून गेलं की कसं वाटतं ते मला आता नीट कळतं.

चहा आला आहे, तेव्हा थांबतो. धाकटे, तू मात्र चहा घेऊन लगेच निघून जाऊ नकोस. आमच्या चिठ्ठीवर तुझी सही हवी आहे. ज्याला भेटायला आलो त्यानं सही केल्याशिवाय दादा आम्हाला बाहेर सोडणार नाहीत, आणि या इमारतीत माझ्या ओळखीचं म्हणून लिहायला मला तुझ्याशिवाय दुसरं नाव सुचलं नाही.