मुक्या वटवाघळांचा गजर

देवाला गाणं कुणाचं पोचतं, मंडळी? ज्याचं गावाला ऐकू येतं त्याचं — की ज्याचं कुणालाच येत नाही, त्याचंही? थांबा, घाईनं माना डोलवू नका! आधी गुणाजीबुवांचं ऐका.

कोकणातल्या रवळनाथाच्या देवळातले हे भजनीबुवा. गळा असा, की शेवटचा गजर सुरू झाला, लय चढली, की झोपलेलाही टाळी धरायचा! (इथले झोपलेले मला दिसतायत हो!)

बुवांचा लाडका कोण? दयाळ पक्षी! पहाटे फणसावर शीळ घालायचा. "ह्यो माझो गुरू!" आणि राग? मंडपाच्या वाशांना लटकणाऱ्या वटवाघळांवर. "मुक्या जिवांचा देवळात काय काम? धूर करा, हाकला!"

आणि मग बुवांच्याच गळ्यात गाठ निघाली! ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. नुसती फुसफुस उरली. बुवा पायरीवर बसून राहायचे, आत जाईनात. त्यांचंच बोलणं त्यांना आडवं आलं होतं.

एका तिन्हीसांजेला शलाकाबाई आल्या, वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या. हातात छोटं यंत्र.

"बुवा, उद्या गावकरी धूर करणार म्हणे. त्याआधी एकदा ऐकाल?"

कळ दाबली. वटवाघळं मंडपातून बाहेर पडली — आणि यंत्र बोलू लागलं! टक्... टक्... टक्... समोर किडा आला, तशी लय चढली — टक्‌टक्‌टक्‌टक् — टर्र्र्र!

"बाईनू, ह्या काय?" बुवा फुसफुसले.

"तीच ओरडतायत, बुवा! रोज, जीव तोडून. आवाजाची पट्टी इतकी उंच, की आपल्या कानात मावत नाही; हे यंत्र ती खाली उतरवतं. दयाळ गातो ते दुसऱ्यानं ऐकावं म्हणून. ही ओरडतात ती अंधारात वाट सापडावी म्हणून."

बुवांच्या अंगावर सर्रकन काटा आला! चाळीस वर्षं डोक्यावर एवढा कल्लोळ — आणि आपण त्यांना मुकं म्हणालो?

"अगो बाय... ह्यो तर गजर!"

डोळे वाहायला लागले. बुवा उठले, पायरी चढले, आत गेले. धुरासाठी रचलेला पालापाचोळा पायानं उधळला. झांज घेतली, देवासमोर बसले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. झांजेची लय मात्र चढत गेली, चढत गेली — आणि झांज ऐकून बाहेर जमलेल्या गावानं टाळी धरली!

मंडळी, तुमच्याही घरात असेल कुणीतरी, वर्षानुवर्षं मुकं ठरवलेलं. आज घरी जा, त्याच्याजवळ जरा गप्प बसा. त्याचा गजर चालूच असेल हो! तोकडे आहेत ते आपले कान.