आखडलेल्या मनगटाचं विमान

माजं गाव वडूजच्या पल्याड, समदं कोरडवाहू. आमच्यात दोनच रस्ते, बाजरी पेरायची न्हाईतर पलटणीत जायचं. मी पलटणीत गेलो, आन् एकाहत्तरच्या लढाईत ह्ये उजवं मनगट मोडून आलो. हाड जुळलं पर आखडून बसलं. बगा की, बोटभरच हलतंय. घरी आलो तवा आई रडून मोकळी झाली, पर आबा, म्हंजी माजं वडील, त्यांनी त्या हाताकडं बगायचंच सोडलं. जेवाय बसलो की ताट डाव्या अंगाला सरकवायचं. काय सांगू तुमाला, दुखण्यापरास त्येच जास्त लागायचं.

मग सांगलीत एका कॉलेजात वर्कशॉपला लागलो. तितं एक सर पोरांकडनं लाकडाची विमानं करून घ्यायचं. खेळण्यातली नव्हं हां, इंजिनाची. माणूस मधी हुबा, हातात मूठ, मुठीला दोन बारीक तारा, आन् विमान माणसाभवती गरागरा फिरतंय. मनगट वर केलं की शेपटाची पाती हलती आन् विमान वर चढतंय, खाली केलं की उतरतंय. म्हंजी समदा खेळ मनगटाचा, आन् माजं मनगट ह्ये असलं. सर म्हणाले तुम्ही बांधा, उडवतील पोरं. मी म्हनलं न्हाई सर, मला येकदा उडवू द्या. त्यांनी ऐकलं, म्हणाले बसवा तुमच्या हाताजोगं.

आता शेपटाच्या पातीखाली एक पट्टी असती हुबी, तिला आम्ही शिंग म्हनायचो, त्याला भोकं असत्यात, त्यात विमानाच्या पोटातली, तारांनी मागंम्होरं सरकणारी सळई अडकवायची. मी शेतकऱ्याचं पोर, डोस्क्यात बैल. वेसणीजवळ दोर धरला की बैल लगीच मान वळवतो, म्हनून पातीच्या अगदी जवळचं भोक घेतलं. एवढ्याशा हातानं बी पाती लय हलायची. मी खूश. पर विमान डोक्यावर गेलं की तारा ढिल्या पडत्यात गड्या, तवा पातीला जोरच पोचंना, मी मनगट वळवतोय आन् विमान ऐकंना. नाकानं जमिनीत. इंजिन वाचलं, बाकी सरपण.

सर रागावलं न्हाईत. म्हणाले एका विमानापुरतंच लाकूड उरलंय, म्हैन्यानं साताऱ्याला लोकांसमोर उडवून दाखवायचंय, तुम्ही उडवायचं का पोरांनी, तुम्हीच ठरवा. म्हंजी पुन्यांदा मोडलं तर पोरं रिकाम्या हातानं जाणार. मी रजा टाकून गावी आलो, सरांना न्हाई म्हनून सांगायचं ठरवूनच.

आबा हिरीवर पहारीनं दगड काडत व्हतं. बसल्या बसल्या समदं त्यांना सांगितलं, निस्तं बोलायला. आबा वर न बगता म्हनलं, "पहार दगडाजवळ धरून दगड हलतो व्हय रं? लांब धर."

मी परतलो. शिंग लांब केलं, भोक आदीच्या दुप्पट लांब घेतलं. त्यानं ढिल्या तारांतबी जोर पोचायचा, पर पाती हलायची निम्मी. मग ती निम्मी भरून काडली हाताशी. बाभळीची नवी मूठ तासली, आन् दोन तारांमधलं चार बोटांचं अंतर आठ बोटं केलं, म्हंजी मनगट तेवढंच वळलं तरी तारा दुप्पट ओढायच्या. सरांनी हिशोब मांडून बगितला, आन् मूठ माज्याच हातात दिली.

साताऱ्याला आबा यष्टीनं आलतं, धुतला पटका बांधून, मैदानाभवतीच्या दोरीच्या भाईर हुबं. मी विमान उचललं, दोन फेरं दिलं, आन् डोक्यावर नेलं. तारा ढिल्या पडल्या. मनात म्हनलं आता काय व्हईल ती व्हईल, आन् मनगट वळवलं, ह्ये येवढंच. पातीनं ऐकलं बगा. विमान गोल फिरून माज्याम्होरं आलं, पुन्यांदा गेलं, पुन्यांदा आलं.

उतरवलं तवा पोरं नाचत व्हती. आबा दोरी वलांडून आलं. शाबास-बिबास काय न्हाई. माजं मनगट दोन्ही हातात घेतलं, बैलाचा पाय चाचपावा तसं चाचपलं, आन् इचारलं, "दुखतंय का रं अजून?"

मला रडू आलं. लय रडलो, समद्यांम्होरं.

आबा आता न्हाईत. मी सत्तरी वलांडली. ती मूठ हितंच दाराजवळ टांगलीया, नातवंडं खेळत्यात तिच्यासंगं, खेळंनात का. चला, लय बोललो. तुमच्या लिवत्या हाताला यश यिऊ द्या. आवं, डावा नगं, उजवाच हात मिळवा. दुखत न्हाई आता.