अडकलेला चेहरा

नाही मावशी, फोनला काही झालेलं नाही, मघापासून तेच सांगतोय मी. उघडला, कॅमेरा पुसला, माझ्या नेटवर जोडून समोरच्या न्हाव्याला व्हिडिओ लावून दाखवला तुमच्यासमोर — दिसला की नाही? कानातल्या केसांसकट दिसला. मग आता दुरुस्त काय करू? धडधाकट माणसाला औषध पाजल्यासारखं होईल ते. बसा, बसा तुम्ही, तुमच्या बसला वेळ आहे अजून. तेवढी खुर्ची इकडे ओढा, पंख्याखाली नको — तो जरा डुगडुगतो, पडत नाही, पण पहिल्यांदा आलेला माणूस बिचकतो. आमचे तात्या, म्हणजे वडील माझे, तेसुद्धा दर फोनला तेच म्हणतात, तुझा पंखा डुगडुगतोय रे, हूक आवळून घे. तिकडे गावात बसून यांना माझ्या पंख्याची काळजी. म्हातारी माणसं एकदा एका गोष्टीला चिकटली की चिकटली.

तर काय म्हणत होता तुम्ही — मुलगा बोलता बोलता अडकतो. चित्र थांबतं, तोंड अर्धवट उघडं तसंच राहतं, आवाज जातो, मग फोन कटतो. बरोबर? अहो, रेंज. दुसरं काय असणार. कुठून लावता तुम्ही? शाळेच्या ओट्यावरून. बघा — इथे शहरात आम्ही संडासात बसून सिनेमे बघतो आणि तुम्हाला पोराचं तोंड बघायला शाळेचा ओटा गाठावा लागतो. आमच्या तात्यांना तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. खरंच सांगतो. सगळ्या गावात तेवढ्या एका जागी नेट येतं. जन्मभर पाणीखात्यात होते ते, त्याच टाकीचा वॉल्व्ह फिरवला, म्हणून ती लोखंडी शिडी त्यांच्या पायाखालची — नाहीतर त्या वयाच्या माणसाला कोण चढू देईल. मी कितीदा म्हटलं, तात्या, चढू नका. म्हणजे, म्हटलं एकदा. पण चढल्याशिवाय फोन लागणार कसा, म्हणून मग पुढे काही बोललो नाही.

आणि हल्ली त्यांना चढावंच लागतं. पेन्शन चालू राहायला हयातीचा दाखला लागतो ना — पूर्वी कचेरीत जाऊन खिडकीपुढे उभं राहिलं, कारकुनाने मान वर करून पाहिलं, की झाला माणूस जिवंत. आता ती खिडकीच बंद केली. आता फोनपुढे तोंड धरायचं, फोन म्हणतो पापणी हलवा, आपण हलवायची, मग तो मानतो. पण टाकीवर वारा, नेट येतं नि जातं — तात्या पापणी हलवतात ती पलीकडे पोचतच नाही. फोन म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा. जिवंत माणूस टाकीवर उभा राहून डोळे मिचकावतोय आणि कोणाला पटत नाहीये. हसू येतं की नाही? मलाही आलं होतं. म्हणून ते म्हणतात, चार दिवस तुझ्याकडे येतो, तुझं नेट चांगलं आहे, एकदाचा जिवंत होतो आणि परत जातो.

आता मावशी, राग नका मानू — आमच्या धंद्यात आम्हाला ठाऊक असतं, चित्र कधी अडकतं आणि कधी अडकवतात. तुमच्या मुलाचं नाही म्हणत मी, त्याचं रेंजचंच असेल. पण असतात काही. माझ्या माहितीतला आहे एक. फोनवर काही अडचणीचं निघालं की हा तोंड अर्धं उघडं ठेवून गप्प बसतो. मान हलवायची नाही, पापणी तर मुळीच नाही. पलीकडच्याला वाटतं नेट गेलं. सोपं आहे, फक्त डोळ्यांत थोडं पाणी येतं — पापणी न हलवल्यामुळे हो, दुसरं काही नाही. आणि आवाज काय, अंगठ्याने हळूच बंद करतो मी — म्हणजे, तो. तो करतो. बरं, जाऊ द्या. मीच. तुमच्यापुढे काय लपवायचं, तुम्ही बस पकडून निघून जाणार.

घर लहान आहे हो आमचं. दोन खोल्या, पण दुसरीत मुलीचा अभ्यास असतो. बायको नाही म्हणत नाही, तिला मी विचारलेलंच नाही. तात्या आले की चार दिवसांचे पंधरा होतात, पहाटे उठून नळ तपासत फिरतात, शेजाऱ्यांचेसुद्धा. लोक हसतात, आणि मला — मला लाज वाटते त्यांची. हे तोंडातून निघायला नको होतं, पण निघालं. समोरासमोर नाही म्हणायची छाती नाही, म्हणून सांगत आलो, तात्या, गावात टॉवर येतोय, तिथूनच होईल सगळं, कशाला धक्के खात येता. आपल्या गावात टॉवर येऊ नये असं कोणाला वाटेल? मला वाटतं. टॉवर आला की चित्र अडकायचं निमित्तच संपलं, मग मी सांगू काय त्यांना?

परवा पुन्हा विचारलं त्यांनी, येऊ का रे? मी बसलो असा, पुतळा. तर म्हणाले, अडकलास वाटतं, थांब, मी पलीकडच्या बाजूला जातो. आणि फोन उंच धरून त्या टाकीच्या कठड्याकठड्याने निघाले की. सदरा वाऱ्याने फुगलेला. आता दिसतोय का? आता? — आणि नेमकं तेव्हा नेट इतकं स्वच्छ, मला सगळं दिसतंय, कठड्याला एका बाजूला गज नाहीत तेही दिसतंय. ओरडायला हवं होतं, तात्या, मागे व्हा. नाही ओरडलो. पापणीसुद्धा नाही हलवली, कारण हललो असतो तर पितळ उघडं पडलं असतं माझं. ते आले हो वळून नीट. आले म्हणून तर सांगू शकतोय. शेवटी एवढंच म्हणाले, बरं, कामात असशील, तो हूक मात्र आवळून घे.

काय म्हणालात? पडदा? कुठला पडदा — तुमच्या मुलाच्या मागे, खिडकीचा. तो अडकला होता तेव्हा — हलत होता. असं. पडदा हलत होता आणि मुलगा हलत नव्हता. अहो, मग तुम्हाला ठाऊकच होतं की. मग फोन घेऊन एवढ्या लांब कशाला आलात? ... मी फोन बिघडलाय म्हणेन म्हणून. अहो मावशी, मग आधी सांगायचं ना. म्हटलं असतं मी, बिघडलाय. शपथेवर म्हटलं असतं.

थांबा. एक मिनिट थांबा. मी फोन असा ठेवतो, या स्क्रूच्या डबीला टेकवून, रोज असाच ठेवतो — तर यात दिसतं काय? इकडे या जरा, तुम्ही बघा, मला सांगा. माझं तोंड. आणि डोक्यावर तो पंखा —

दर फोनला म्हणतात हो ते. मी हलत नसतो तेव्हाही.

नाही, पैसे नकोत. घ्या हा तुमचा फोन. आणि हा माझा वाजतोय, तेच आहेत, या वेळेला टाकीवरच असतात ते. नाही, नाही, तुम्ही निघा आता, बस चुकेल. जाता जाता दाराजवळचं ते बटण तेवढं — वरचं, पंख्याचं — नको. राहू द्या. फिरू दे त्याला. निघा तुम्ही, मावशी, मला बोलायचंय.

हॅलो — हो, दिसताय. तात्या, आधी त्या कठड्यापासून मागे व्हा.