जऊळक्याचं वायफाय

नाई नाई, च्यात साखर टाका तुमी, मले शुगर गिगर काई नाई — हां, तं मी काय सांगत होतो, भुरीबाई, हा पाहा, हा चौथा मॅसेज. नऊ वाजून दहाले पयला, मंग साडेनऊ, मंग दहाले पाच कमी, आन हा आत्ता, मी तुमच्या बाकड्यावर बसल्यावर. वाचून दाखवतो — 'नीलिमाच्या मोबाईलने अनोळखी वायफाय जोडण्याचा प्रयत्न केला. रोखण्यात आले.' आन खाली नाव, जऊळका स्टेशन. नीलिमा म्हंजे माही सून. पोरगा दोन वर्सांखाली मालेगावच्या रोडवर मोटरसायकलवरून गेला — व्हय, ट्रकखाली. माही बायको त्याच्या आधीच गेल्ती. आता घरात मी आन ती. म्हून जपतो तिले. जपावंच लागते.

काहून रोखलं म्हंता? अवं, अँटीव्हायरस हाय ना तिच्या मोबाईलात. मालेगावात मोईनचं दुकान हाय, त्यानं टाकून देल्ला. म्हणे, चाचा, फुकटच्या वायफायवर चोर टपून राह्यतात, हे त्याईले आडवते. आता ह्या स्टेशनचंच पाहा — पयले एक पान उघडते, नंबर टाका, ओटीपी टाका, मंगच नेट चालू. तं हा अँटीव्हायरस ते पानच उघडू देत नाई. धोका म्हंते आन बंद करते. प्रवासातले लोक वैतागतात, बंद करून टाकतात त्याले. पण तिच्या मोबाईलातला बंद कराचा पासवर्ड माह्यापाशी. मी इकडून 'हो' पाठवलं तवाच पान उघडीन, नाईतं बसा दाबत. नेटचा रिचार्ज मी तिले मारतच नाई, नुसता बोलाचा मारतो, हे मॅसेज त्याच्यावरच येतात. कायले पाह्यजे नेट? घरात काय कमी हाय — टीव्ही हाय, मिक्सर हाय, दाराले चांगली जाड कडी बसवली, भाहेरून — म्हंजे कुत्रे लय झाले ना गल्लीत.

कोठी चालली? नांदेडले. लग्नाच्या आधी नर्सिंग केलं तिनं. शेजारणीच्या मोबाईलवरून अर्ज केला कोण्या दवाखान्यात, मले न सांगता. उद्या हजर व्हा म्हणून कागद आला ईमेलवर. मले समजलं ते — समजलं, घरातलं समजतेच. आज सकाळी मी दूध आनाले गेलो तं कडी लावाची राह्यली. पयल्यांदा राह्यली, भुरीबाई, दोन वर्सांत पयल्यांदा. परत येतो तं घर निरा रिकामं. चुलीवर दुधाचं भांडं मांडून ठेवलेलं, खाली जाळ नाई. मी दारातच उभा राह्यलो. कोनाले हाका माराव्या? मंग हा मॅसेज आला आन जीव खाली पडला.

म्हून मी घाई नाई केली. कागद मोबाईलात, कागद उघडाले नेट पाह्यजे, नेटले माहा 'हो' पाह्यजे. कागद हाती आल्याबिगर ती गाडीत पाय ठेवणार नाई, लय कायदेशीर बाई हाय. म्हणलं दाबू द्या. थकू द्या. थकली का आपसूक घरी येते. आंघोळ केली, भाकर खाल्ली, मंग निंघालो.

तिले हे माहीत हाय, बरं का. एक डाव वाशीमले दाताच्या दवाखान्यात नेल्ती, मी भाहेर बसलो आन तिनं तिथलं वायफाय लावलं. टुनकन मॅसेज माह्या मोबाईलवर. तिथं काई बोललो नाई मी. चार लोकात बोलाव नाई. घरी आल्यावर दाखवला तिले मॅसेज, शांतपणे. मंग दुसऱ्या दिवशी तिचा हात मोडला — मोरीत घसरली — आमी डाक्टरले तसंच सांगतलं. म्हंजे तसंच झालं. तुमी असं पाहून कायले राह्यल्या? शेवाळ राह्यते मोरीत.

फलाटावर पाह्यलं मी, दोनी टोकं. बायाईच्या संडासापाशीबी उभा राह्यलो, कोनी निंघालं नाई. मास्तर म्हंते, सकाळची पूर्ण्याकडून नांदेडले जाणारी गाडी नऊच्या आधीच गेली, त्याच्यानंतर एकबी थांबली नाई. आन मॅसेज सारे नऊच्या मंगचे. म्हंजे इथंच हाय. लपून बसली हाय आन दाबून राह्यली.

आता पाहा तुमी गंमत. आता मी 'हो' म्हंतो. हे दाबलं. आता तिचं पान उघडीन, तिले वाटन बुढ्याले दया आली. आन पान उघडलं का मोईननं टाकलेला नकाशा आपसूक चालू होते, मोबाईल जिथं हाय तिथं निळा ठिपका. लागते थोडा टाईम. फिरून राह्यलं... आलं. हे स्टेशन. हा फलाट. हे — हे तं —

हे तुमची टपरी दाखवून राह्यलं, भुरीबाई.

तो डबा उघडा. साखरेचा नाई, त्याच्या मांगचा, तुमी आत्ता पाह्यलं तो. उघडा म्हंतो.

हा तिचाच मोबाईल हाय. हे कव्हर मीच आणलं होतं. ती कोठी हाय?... तुमी? तुमी दाबत होत्या? तुमाले कोनं शिकवलं, कोनतं बटन — तिनं. म्हंजे ती सकाळच्याच गाडीनं — आन कागद?... छापून. आधीच छापून नेला. आन मी घरी बसून भाकर खात होतो. चार डाव नाई म्हणलो मी, भुरीबाई, चार डाव, आन तिकडून तुमी —

कोनत्या दवाखान्यात गेली? नाव सांगा. नांदेड मोठं हाय, नाव सांगा नुसतं... तुमाले माहीत हाय. तुमच्या तोंडावर दिसून राह्यलं.

आवाज चढवू नका. लोकं पाहून राह्यले. मी कोनाले हात लावला काय? बसलो, च्या पेलो. जातो. जा म्हंता तं जातो. मोबाईल ठेवा तुमीच, तिले देजा भेटली तं. मी काई शोधत बसत नाई आता, वय झालं. उद्या मात्र येईन. परवाबी येईन. घरी कोनी नाई, तं सकाळचा च्या इथंच घेत जाईन रोज. हे बाकडं बरं हाय, इथून सारं दिसते — तुमचं घर त्या फाटकाच्या पल्याडच ना? निळ्या दाराचं?

नाई, असंच इचारलं.