मल्हारी गुरवाचा हात

बसा मंडळी, थोडं सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या. आज आधी एक प्रश्न विचारतो. देवाच्या दारात कुणी फुलं वाहतो, कुणी झाडलोट करतो, कुणी वाजवतो. ज्याला जे येतं, ती त्याची सेवा. बरोबर? आता समजा, वाजवणाऱ्याचं वाजवणंच गेलं. देवानेच दिलेलं, देवाच्याच दारात खर्च होणारं – आणि नेमकं तेच गेलं! मग सेवा संपली का? आणि संपली म्हणत असाल, तर ती संपवली कुणी?

लगेच माना हलवू नका. आधी कथा ऐका.

शेंदूरवाडी नावाचं डोंगराखालचं गाव. गावात महादेवाचं देऊळ आणि देवळाचा गुरव मल्हारी. सकाळची पूजा त्याची, बेलाची पानं त्याची, आणि संध्याकाळी नारायणबुवा कीर्तनाला उभे राहिले की पखवाज त्याचा. काय हात होता! पखवाजाच्या डाव्या अंगाला कणकेचा गोळा थापला, उजव्या अंगावर पहिली थाप पडली, की पारावर तंबाखू मळत बसलेले गडी मळायचे थांबत. नारायणबुवा स्वतः म्हणायचे, माझं कीर्तन अर्धं तोंडाचं आणि अर्धं मल्हारीच्या बोटांचं. (आमच्या पखवाजवाल्यांनी एवढं हसू नये. मी अजून तसं काही म्हटलेलं नाही.)

आणि एका श्रावणात, ऐन गजर रंगात आला असताना, मल्हारीच्या उजव्या हाताची दोन बोटं आत वळली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. कुणी दोरीने ओढावीत तशी तळहातात शिरली. ‘धा’ वाजायचा तिथे नुसतं ‘थप’ झालं. लोकांना वाटलं, हवा दमट आहे, कातडं उतरलं असेल. बुवांनी टाळकऱ्यांना खूण करून वेळ मारून नेली. मल्हारीने हात झटकला, पुन्हा ठेवला. बोटं पुन्हा वळली.

आता गंमत ऐका. घरी गेला, जेवायला बसला, भाकरी मोडली – बोटं सरळ! म्हशीची धार काढली – बोटं सरळ. सुईत दोरा ओवून बघितला, तोही ओवला. पखवाज पुढे घेतला, की वळली. हात तोच. बोटं तीच. मग दोष कुठे? कुणी सांगेल? गावात तर ज्याला त्याला उत्तर ठाऊक होतं. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे देवाचं काहीतरी चुकलं. मल्हारीने तेल लावलं, शेक घेतला, बांबूची कामटी बांधून बोटं ताठ केली. कामटी सुटली की बोटं आत.

शेवटी बायको त्याला मिरजेला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. हौसाबाई तिचं नाव. डॉक्टर भला माणूस. त्यांनी गुंडी लावायला लावली, पेन धरायला लावलं, सगळं नीट. मग म्हणाले, या टेबलावर वाजवून दाखवा. मल्हारीने हात ठेवला आणि बोटं वळली. डॉक्टरांनी ती बोटं हळूच उलगडून पाहिली. मग त्यांनी समजावून सांगितलं, की डोक्यातून हाताकडे निरोप जातो. वर्षानुवर्षं तोच निरोप त्याच वेगाने पाठवल्यावर कधी कधी दोन बोटांचे निरोप एकमेकांत मिसळतात. असं फार थोड्यांचं होतं, आणि ज्यांचं होतं ते बहुधा वाजवणारेच असतात.

मल्हारीने एकच विचारलं. “म्हंजे मी लई वाजवलं म्हणून गेलं?”

डॉक्टर म्हणाले, “तसंही म्हणता येईल. उपचार करून बघू. पण पहिल्यासारखं होईल, असं मी खोटं सांगणार नाही.”

मंडळी, हे घाव घालणारं उत्तर आहे. आळशीपणाने गेलं असतं तर माणूस स्वतःला चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. सेवा केली म्हणून सेवा गेली! मग रागवायचं कुणावर?

मल्हारी देवावर रागावला. उपचार झाले, गुण आला नाही. त्याने पखवाज जुन्या धोतरात गुंडाळून आढ्याला टांगला. सकाळची पूजा धाकट्या भावावर सोपवली. देवळाच्या वाटेने जायचं सोडून ओढ्यातून वळसा घालून शेतावर जाऊ लागला. हौसाबाई रोज सवयीने कणीक मळताना पखवाजासाठी एक गोळा बाजूला काढायची, मग तिच्या ध्यानात यायचं आणि तो गोळा ती गुपचूप परातीत मिसळायची. मल्हारीला ते दिसायचं.

वर्ष फिरलं, श्रावण आला. देवळात कीर्तन तर व्हायलाच हवं. बुवांनी शेजारच्या वाडीतला केरबा सुतार बोलावला. पोराबाळांचा बाप, हौशी गडी, पण हात धावायचा. गाडीला नवे बैल जुंपल्यासारखा! मल्हारी घरात भिंतीला टेकून ऐकायचा आणि जळायचा. चुकला. इथंबी चुकला. दोन दिवस हौसाबाईने सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ऐकायचंच हाय तर जाऊन ऐका की. भिंतीला कान लावून काय मिळतंय?”

गेला. केरबाच्या चुका नीट मोजायला गेला, हे ध्यानात ठेवा. भक्तीबिक्ती काही नाही. चपलांपाशी, खांबाला टेकून, म्हाताऱ्या तानूआक्काच्या शेजारी बसला.

आणि त्याने काय पाहिलं? नारायणबुवांचं तोंड! हसू नका. जन्मभर तो बुवांच्या मागे उभा राहून वाजवत आलेला. त्याला बुवांची पाठ ठाऊक, उपरण्याची गाठ ठाऊक, डावा कान ठाऊक. कथा सांगताना बुवांचे डोळे भरून येतात, हे त्याला कधी कळलंच नव्हतं. तो चुका मोजायला विसरला आणि बघत राहिला.

बुवा सांगत होते ती कथा तुम्हाला माहीत आहे. राजा सिंहासनावर, मांडीवर धाकटं लेकरू. थोरलं धावत आलं, बापाच्या मांडीवर चढू लागलं, आणि सावत्र आईने त्याला हाताला धरून खाली उतरवलं. ही जागा तुझी नव्हे. लेकरू रडत आईकडे गेलं. इथवर येऊन बुवा थांबले. म्हणाले, उरलेलं उद्या.

मल्हारी तानूआक्काकडे वळला. “आक्का, म्होरं काय झालं? मिळाली का मांडी त्याला?”

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. “आरं, जन्मभर तूच वाजवत आलास की ही गोष्ट.”

“वाजवली, आक्का. ऐकली न्हाई.”

लोक उठले. केरबा घामाने निथळत पुढे आला, पाया पडला, म्हणाला, दादा, कुठं चुकलं ते सांगा. मल्हारीपाशी चुकांचा ढीग होता. पण त्याच्या तोंडून भलतंच निघालं. त्याने विचारलं, कथा ऐकलीस का रे? केरबा गोंधळला. म्हणाला, कथा कुठली, मी मात्रा मोजत होतो. आणि मल्हारी हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

घरी येऊन त्याने हौसाबाईला विचारलं, त्या पोराचं पुढे काय होतं? तिला सगळी कथा पाठ. पण ती चुलीत लाकूड सारत म्हणाली, “म्या सांगणार न्हाई. उद्या जाऊन ऐका.” बाई शहाणी!

सकाळी भावाच्या आधी मल्हारीच गाभाऱ्यात होता. पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला. राग गेला नव्हता. उगाच कशाला खोटं सांगू? पण रागात प्रश्न मिसळला होता. तो पिंडीला म्हणाला, “मला खाली उतरवलंस. बरं. आता बसू कुठं, तेवढं सांग.”

देव असा लगेच बोलत नसतो.

संध्याकाळी मल्हारी सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसला. बुवांनी कथा उचलली. आईने लेकराला सांगितलं, की जिथून कुणी उतरवू शकत नाही, अशी एक मांडी आहे, ती शोध. लेकरू रानात गेलं. ऊन सोसलं, थंडी सोसली. आणि एक दिवस देव समोर उभा! बुवा म्हणाले, आता त्याने मागायला हवं होतं ना? पण लेकराला शब्द सुचेना. काय मागायला आलो होतो, तेच आठवेना.

एवढी वर्षं कथेच्या या जागी मल्हारी काय करत आला होता? याच जागी तो बोलांचा पाऊस पाडायचा, आणि लोक वाहवा करायचे. इथे कुणीतरी मुकं झालेलं आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग गजर सुरू झाला. केरबाचा पखवाज घुमला, सगळं देऊळ टाळ्या वाजवू लागलं. मल्हारीचे हात मांडीवर होते. पखवाज ऐकताच उजव्या हाताची बोटं आत ओढली जाऊ लागली. त्याने तो हात दुसऱ्या हाताखाली लपवला. तानूआक्का आज त्याच्याच मागे बसली होती. तिने पाठीला बोट लावलं. “टाळी वाजीव की.”

मल्हारी कचरला. टाळीतही बोटं वळली तर? सगळ्या गावादेखत? पण मंडळी, दुसरीही एक गोष्ट होती. त्याने जन्मात कधी देवापुढे टाळी वाजवलीच नव्हती. पखवाजवाल्याचे हात मोकळे असतात कधी? तान्ह्या पोराला येते ती गोष्ट या एवढ्या मोठ्या वादकाने केलीच नव्हती.

त्याने हात वर घेतले. कसं होतंय बघू, म्हणून हळूच एक टाळी वाजवली. बोटं सरळ राहिली. दुसरी वाजवली. सरळ! डॉक्टरांना विचारलं तर ते कारण सांगतील. मल्हारीने विचारलं नाही. तो वाजवत राहिला – कधी केरबाच्या पुढे, कधी मागे, ताल चुकवत, रडत.

आता शेवटचं विचारतो. पखवाजावर मल्हारीचा हात पुढे कधीच पहिल्यासारखा चालला नाही. तुम्ही म्हणाल, मग मिळालं काय? ते मला विचारू नका, स्वतःला विचारा. कारण मल्हारी एकटा नाही. कुणाचे डोळे जाणार आहेत, कुणाचे गुडघे, कुणाचं दुकान, कुणाची खुर्ची, कुणाचा आवाज. माझा आवाजही जाणारच! त्या दिवशी ओढ्यातून वळसा घालून जाऊ नका. या, आणि समोर बसा. आजवर नुसतं वाजवलेलं एकदा ऐकून बघा.

आणि ज्यांचे हात अजून मांडीवर आहेत, त्यांनी कशाची वाट बघायची? उचला ते हात. म्हणा माझ्याबरोबर – हर हर महादेव!