वास येतोय का कुणाला?

नाही, ते राहू द्या, हसायचं नंतर हसा, आधी खरं खरं सांगा… तुम्हाला कसला वास येतोय का हो? जळका? केस जळल्यासारखा? नाही ना? नक्की? अहो, नुसती मान काय हलवताय, जरा नाक वर करून ओढून बघा की! हां… ते तिकडे मागे बसलेत ना काका, त्यांनी न हुंगताच मान हलवली, मी बघितलंय. असल्या लोकांमुळेच सगळा घोटाळा होतो! मला? छे, मला आत्ता नाही येत. पण विचारून ठेवलेलं बरं असतं.

तुम्हाला सांगते, मला फिट येते. आकडी म्हणा, झटका म्हणा, नावं पुष्कळ आहेत, पडायचं मलाच असतं. आणि ती यायच्या आधी सूचना येते. प्रत्येकाची सूचना वेगळी, बरं का! डॉक्टरांकडे बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसतात, त्यांना आधी घंटा ऐकू येते. एक गृहस्थ आहेत, त्यांच्या पोटातून काहीतरी वर वर चढतं. आणि मला काय यावं? तर केस जळल्याचा वास! आता मला सांगा, घंटा ऐकू आली तर माणूस गप बसेल, पण जळका वास आला तर माणूस काय करेल? गॅस बघायला धावेल! म्हणजे ज्या वेळेला खाली बसायचं, नेमकी त्याच वेळेला मी घरभर पळत असते… आणि मी कामाला कुठे, माहितीये? नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात! राजे, राण्या, भुतं, शिपाई, वाघ, अस्वलं, आणि एक अख्खी भिंत भरून विग! केसच केस! दाढ्या, मिशा, अंबाडे, बटा! केस जळल्याचा वास यायला जगात याहून सोयीची जागा सापडणार नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा मला काय कल्पना? 'मालक, काहीतरी जळतंय, मालक, काहीतरी जळतंय' करत मी सगळी कपाटं उघडली, एकेक विग हुंगला, मालक माझ्यामागे, मास्तर, म्हणजे आमचे शिवणारे मास्तर, ते मालकांच्या मागे, आणि पुढचं मला विचारू नका. पुढचं सगळं ऐकीव. माझ्या आयुष्यातले मोठमोठे प्रसंग मला नेहमी लोकांकडूनच कळतात! मी शुद्धीवर आले तर तोंडात चमचा. शेजारच्या दुकानातल्या बाईंनी कोंबलेला. 'अहो, जीभ गिळली असतीत ना!' अहो बाई, जीभ ही काय गिळायची वस्तू आहे? ती मुळाशी घट्ट बसवलेली असते! चमचा वाकला आणि माझ्या पुढच्या दाताचा टवका उडाला, हा बघा, अजून तसाच आहे. आणि वर त्याच बाई वर्षभर सगळ्यांना सांगत होत्या, 'मी होते म्हणून वाचली.'

मग झाल्या तपासण्या, सुरू झाल्या गोळ्या, आणि सुरू झाला घरात पहारा. आमचे हे म्हणजे तसे शांत माणूस. पण तेव्हापासून मी आंघोळीला गेले की दाराबाहेर उभे. कडी लावायची नाही, हा पहिला नियम. आणि दर दोन तांब्यांनी बाहेरून हाक, 'आहेस का?' मी आतून, 'आहे!' पुन्हा, 'आहेस का?' 'आहे हो!' एकदा तोंडाला साबण होता म्हणून नाही बोलले, तर हे सरळ आत! सोबत पाहुणे आलेले काका! 'आहे की, आहे की,' म्हणत काका माघारी गेले, ते पुन्हा आमच्याकडे आलेच नाहीत. लोकांना वाटतं केवढं प्रेम. प्रेम आहेच हो, मी कुठे नाही म्हणते? पण माणसाला अधूनमधून कुठेतरी नसावंसंही वाटतं की नाही?

आणि मुलगी! ती शास्त्र शिकते. तिने मला परीक्षा शोधून दिली. 'आई, सोप्पं आहे. वास आला की खोली बदल. वास मागे राहिला तर तो खोलीचा. तुझ्याबरोबर आला तर तो तुझा.' हुशार आहे पोरगी, बापावर गेलीये. पण त्याहून सोपं म्हणजे दुसऱ्याला विचारायचं, 'वास येतोय का हो तुम्हाला?' येतोय म्हणाले की खिचडी… नाही, म्हणजे जे काही चुलीवर असेल ते करपलंय. नाही म्हणाले की मी करपलेय, चला, आडवं व्हा. माझं सगळं आयुष्य तुम्हाला सांगते, दुसऱ्यांच्या नाकावर चाललंय!

भीती वाटते का म्हणून विचारतात. वाटते हो. खूप वाटते. फिट येते तेव्हा नाही वाटत, तेव्हा मी नसतेच. भीती वाटते ती त्याच्या आधीच्या त्या एवढ्याशा वेळात. वास आलाय, अजून काही झालेलं नाही, सगळं जागच्या जागी आहे, पंखा फिरतोय, कुणीतरी हसतंय, आणि मला एकटीलाच माहीत आहे की आता मला कुणीतरी इथून उचलून नेणार. परत आणतील ना? दर वेळी आणतात. पण दर वेळी आणतात म्हणून या वेळीही आणतील, हे कुणी लिहून दिलंय का? तेव्हा मला आमच्या ह्यांचा तो 'आहेस का' आठवतो.

तर डॉक्टर म्हणाले होते, 'एक वर्ष. एक वर्ष एकही आली नाही, तर गोळ्या कमी करू. स्कूटर चालवा. एकट्या फिरा.' मी विचारलं, 'आणि कडी?' ते म्हणाले, 'कसली कडी?' म्हटलं, 'ते जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं.' आणि काय सांगू, अकरा महिने आणि वर तीन आठवडे गेले की हो! एक नाही, अर्धी नाही! गोळी चुकवली नाही, झोप चुकवली नाही, मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नातून रात्री नऊला उठून घरी आले, नवरी अजून स्टेजवर यायची होती! पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं होतं. आणि त्या दिवशी दुपारी दुकानात मी राणीच्या झग्याला टिकल्या लावत बसले होते, आणि… आला.

म्हटलं, नाही. आज नाही. आठवडा राहिलाय गं बाई, इतकी काय घाई? उठले, खोली बदलली. कपडे बदलायच्या खोलीत गेले. तिथे वास. जिन्यापाशी गेले. तिथेही वास. म्हणजे माझ्याबरोबर आला, म्हणजे माझा! रस्त्यावर जाऊन बघावं म्हणून दारापर्यंत गेले आणि पाय अडले. तिथे आली तर? गाड्यांखाली? आले मागे. म्हटलं, विचारावं. आता ऐका, त्या वेळी दुकानात कोण कोण होतं. मास्तर! मास्तर तपकीर ओढतात. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही नाकपुड्या. त्यांच्या नाकाला वास कळायचा, मला वाटतं, माझ्या लग्नाच्या आधीच बंद झाला असेल. दुसरे मालक. मालक मायाळू. इतके मायाळू की मी 'वास' म्हणायच्या आत त्यांचं 'नाही, नाही, काही नाही, तुम्ही बसा' सुरू होतं. हुंगतच नाहीत! मला घाबरवायला नको म्हणून! आणि तिसरं, अस्वल.

गिऱ्हाईक हो! शाळेच्या नाटकात मुलांबरोबर बापांनीही काम करायचं होतं म्हणे. चांगले धिप्पाड गृहस्थ, आत शिरलेले, डोकं चढवलेलं, आणि पाठीची चेन अडकलेली. मी त्या अस्वलापुढे उभी राहिले आणि विचारलं, 'अहो, वास येतोय का तुम्हाला?' आतून घुमत आवाज आला, 'येतोय हो… पण तो बहुतेक माझाच असेल, फार गरम होतंय.' आता बोला! तीन माणसं, आणि दुकानात एक धड नाक नाही!

'बाई, तुम्ही आडव्या व्हा बघू,' मालक म्हणाले. झाले आडवी. काय करणार? कुशीवर. डोक्याखाली राजाचा मखमली शेला. चमचा आणणार नाहीत, एवढं मी त्यांना आधी शिकवून ठेवलं होतं. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी बोलवायची. मास्तरांनी कात्र्या उचलल्या, टाचण्या उचलल्या. मालक घड्याळ घेऊन गुडघ्यावर बसले. अस्वलाला काय करावं कळेना, ते पंज्याने मला वारा घालायला लागलं. आणि आम्ही सगळे वाट बघायला लागलो.

नाही आली!

अहो, वास वाढतोय, आणि ती येत नाही! एरवी वास आला की ती मागोमाग असते, उंबऱ्यात पायच ठेवलेला असतो तिने. इथे मी पडलेय, ते बघतायत, मालक हळूच, 'झालं का हो सुरू?' मी म्हणते, 'अजून नाही.' मास्तर म्हणतात, 'घाई नाही, सावकाश होऊ द्या!' सावकाश! आणि मी डोळे मिटून देवाला काय मागत होते सांगू? ऐकून तुम्ही मला घराबाहेर काढाल. मी म्हणत होते, देवा, आग असू दे. फार नको, छोटीशी. कुणाला इजा नको. पण दुकानाला आग लागू दे, माझ्या डोक्यात नको. ज्या मालकांनी मला एवढं सांभाळलं, त्यांच्या दुकानात पडल्या पडल्या मी त्यांचंच दुकान जळावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. अकरा महिने हो! तुम्ही माझ्या जागी असता तर काय मागितलं असतंत?

तेवढ्यात अस्वलाला गुदमरायला झालं. त्याने डोकं काढलं. आत एक घामाघूम, लालबुंद, टक्कल असलेला माणूस. त्याने एक लांब श्वास घेतला आणि म्हणाला, 'अहो… काहीतरी जळतंय की!'

तुम्हाला सांगते, लग्नाला होकार मिळाला तेव्हा मला एवढा आनंद झाला नव्हता. मी ताडकन उठले आणि त्या अस्वलाला मिठी मारली. 'येतोय ना? खरंच येतोय ना? केसांचा ना?' 'हो हो, केसांचाच, पण बाई, सोडा, आग बघा!' धावलो सगळे मागच्या खोलीत. विग धुऊन सुकवायची एक पेटी आहे आमच्याकडे, आत हीटर. मास्तरांनी त्यात राजाची दाढी टाकली होती आणि विसरले होते. दाढी सरकून हीटरवर पडली, ती करपली, तिने शेजारच्या महाराणीच्या विगला धरलं, आणि आत छान धूर! मालकांनी बटण बंद केलं, मास्तरांनी ओली चादर टाकली, अस्वल बादली घेऊन मधे मधे. 'माझी महाराणी गेली!' मालक ओरडतायत, आणि मी? मी टाळ्या वाजवतेय! मालकांनी असं बघितलं माझ्याकडे… पण मग त्यांच्याही लक्षात आलं आणि त्यांचेच डोळे भरले. म्हणाले, 'जाऊ दे महाराणी. तुमचं वर्ष वाचलं ना.' मला रडूच कोसळलं. मास्तर म्हणाले, 'मी आहे म्हणून वाचलं, मी विसरलो नसतो तर?' आता या माणसाला काय म्हणावं!

मग खिडक्या उघडल्या, पंखे लावले, चहा मागवला. अस्वलाची चेन शेवटी पकडीने काढली. सगळे बसलो कपड्यांच्या गठ्ठ्यांवर, एकमेकांची नक्कल करत. मास्तरांचं 'सावकाश होऊ द्या' सगळ्यांनी करून दाखवलं. मी घरी फोन केला, हे म्हणाले, 'आहेस ना?' म्हटलं, 'आहे! आहे! दुकान जळलं!' ते म्हणाले, 'वा, वा!' हसू नका, ते खरंच वा वा म्हणाले.

बाहेरची हवा येत होती, गार, स्वच्छ. मालकांनी पहिल्यांदाच नीट नाक ओढून बघितलं आणि म्हणाले, 'गेला बुवा वास.' ते टक्कलवाले गृहस्थ पेटीपर्यंत जाऊन हुंगून आले. म्हणाले, 'गेला, साफ गेला. मोकळं वाटतंय.' शेजारच्या त्या चमचेवाल्या बाई बघायला आल्या होत्या, त्याही म्हणाल्या, 'काही नाही आता, कुठे काय!'

मी चहाचा कप तोंडाशी नेला. कपातून वाफ येत होती. खाली ठेवला. खिडकीपाशी गेले, डोकं बाहेर काढलं, चांगला छाती भरून श्वास घेतला. रस्त्यावर मुलं शाळेतून घरी चालली होती. मी आत आले. कुणाला काही विचारलं नाही. या वेळी सगळ्यांची नाकं शाबूत होती.

चपला काढल्या, चष्मा काढून मालकांच्या हातात दिला आणि मुकाट्याने कुशीवर आडवी झाले.

'अहो बाई, आता कशाला?' मालक म्हणाले. 'आग विझली की!'

म्हटलं, 'तुमची विझली हो. आता ही माझी… जरा सरका.'